आधी ओळंबा लावा, मग हातोडा उचला

प्रति,
आमच्या चर्चच्या मिळकतींचा कारभार पाहणारे सन्माननीय विश्वस्त,
आणि स्थानिक मंडळीचे पंच,

सप्रेम सलाम.

मागच्या महिन्यात रविवारची उपासना आटोपल्यावर पाळकसाहेबांनी तुमचा कागद वाचून दाखवला. आमचं जुनं देऊळ (आम्ही म्हातारे अजून चर्च म्हणत नाही, देऊळच म्हणतो) ‘जीर्ण व धोकादायक’ झालं आहे, सबब ते पाडून त्या जागी दुमजली सभागृह बांधायचं, रस्त्याच्या अंगाला सहा गाळे काढायचे आणि ईस्टर झाला की कामाला हात घालायचा, असा ठराव शहरातल्या बैठकीत मंजूर झाला म्हणे. पुढं बसलेल्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना दोष देत नाही, नवं कोणाला नको असतं? बायकांच्या बाजूला मात्र सगळं चिडीचूप. सतरंजी गुंडाळता गुंडाळता एका म्हातारीनं मला विचारलं, “गुरुजी, मंग औंदाचा नाताळ कुठी करायचा आपून?” त्याचं उत्तर तुमच्या कागदात नव्हतं.

याआधी मी तुम्हाला दोन पत्रं पाठवली. दुसरं रजिस्टर होतं, त्याची पोच आली, उत्तर आलं नाही. म्हणून हे तिसरं सर्वांसमोर लिहितो आहे. गावाचं, मिशनचं किंवा कोणा माणसाचं नाव यात घेत नाही. आम्ही वऱ्हाडातले, एवढं पुरे. असाच कागद उद्या आजूबाजूच्या दुसऱ्या एखाद्या गावात वाचला जाईल, म्हणून जरा मोठ्यानं बोलतो.

आधी माझा या इमारतीशी संबंध काय ते सांगतो.

माझी आजी छप्पन्नच्या दुष्काळातली, म्हणजे १८९९-१९०० मधली. त्याआधी १८९६-९७ मध्ये एक दुष्काळ होऊन गेलाच होता. माणसं सावरतात न सावरतात तोच हा दुसरा आला. वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात तेव्हा मिशनांनी अनाथालयं काढली. आजी सहा-सात वर्षांची असेल. आईबाप कोण, गाव कोणतं, आणून कोणी सोडलं, यातलं तिला काही आठवत नव्हतं. तिला आठवत होत्या त्या विटा. देऊळ बांधायला काढलं तेव्हा मोठी पोरं डबर फोडत, आणि धाकट्या पोरी नाल्याकाठच्या भट्टीवरून दोन-दोन विटा डोक्यावर घेऊन येत. “माह्या डोक्यावरून गेलेल्या इटा हायेत थ्या भितीत,” असं ती म्हणे. “म्या मोजल्या नाई. देवानं मोजल्या असतीन.” १९७४ मध्ये ती गेली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. तिच्या माहेरची म्हणावी अशी एकच वस्तू मला माहीत आहे, ती म्हणजे ही भिंत.

दुसरा संबंध धंद्याचा. मी अठ्ठावीस वर्षं आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकवलं. पुस्तकात नसलेल्या कितीतरी गोष्टी मी या इमारतीखाली उभा राहून शिकलो आणि मग पोरांना शिकवल्या.

तिसरा संबंध सांगायला लाज वाटते, पण तो लपवून हे पत्र लिहिलं तर ते खोटं होईल. १९८९ मध्ये पश्चिमेच्या भिंतीचा चुना जागोजाग पडला होता. मी तरुण होतो, सिमेंटवर माझा फार विश्वास होता. श्रमदान म्हणून पोरांना घेऊन मीच त्या सबंध भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. पंचांनी शाल दिली. तुमच्या कागदात जी भिंत ‘अंतर्बाह्य खराब’ म्हटली आहे ती हीच. ती जुनी झाली म्हणून खराब झाली नाही, माझ्यामुळं झाली. कशी ते पुढं सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे त्या इमारतीत? नागपूरचं कॅथेड्रल थोडंच आहे ते? बैठकीत हे वाक्य खरंच बोललं गेलं, असं कानावर आलं. तर त्याबद्दल बोलू.

नागपूरच्या सदरमधलं ऑल सेंट्स १८५१ चं, भोसल्यांचं राज्य खालसा व्हायच्याही आधीचं. ते उभं राहिलं ते तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या उपासनेसाठी. कामठीला १८२१ पासून छावणी होती, इकडं परतवाड्याला हैदराबाद कंटिन्जंटची पलटण असे, आणि छावणी तिथं पलटणीचं चर्च हा त्या काळचा रिवाज. पुढं १९०३ मध्ये आयर चॅटर्टन नागपूरचे पहिले अँग्लिकन बिशप झाले आणि ऑल सेंट्सला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य देवळाचा, मान आला. कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत त्याहून जुना, १८८७ चा. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा चर्चेस एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं, तेही नागपुरातच. ही मोठी घराणी आहेत. त्यांचे फोटो निघतात, त्यांच्यावर लेख येतात, आणि यावेतच. मीही शिकाऊ पोरांना घेऊन सदरला जात असे, टोकदार कमान आणि भिंतीचे धिरे दाखवायला.

पण विदर्भातल्या ख्रिस्ती इमारतींची गोष्ट तिथं संपत नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून, म्हणजे प्रेस्बिटेरियन पंथाकडून. त्यांच्या मिशनचं काम नागपूर-वर्ध्याकडं पसरलं. चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) स्कॉटिश एपिस्कोपल लोक आले, अकोला, खामगाव, बुलढाण्याच्या पट्ट्यात अलायन्स मिशन, यवतमाळकडं फ्री मेथडिस्ट, मेळघाटात कोरकूंसाठी निघालेलं वेगळं मिशन. यांची उपासनेची रीत वेगळी, म्हणून इमारतीचा नकाशाही वेगळा. अँग्लिकन देवळात वेदी पूर्वेला, तिच्यासाठी निराळा, थोडा उंच कक्ष, आणि लोकांची नजर वेदीकडं. प्रेस्बिटेरियन माणसाला वेदीपेक्षा वचन मोठं, म्हणून त्याच्या इमारतीत उपदेशाचं पीठ मध्यावर आणि बाकी सगळं साधं. कॅथलिक देवळात पुतळ्यांना कोनाडे लागतात, मिरवणुकीला वाट लागते. नुसत्या भिंती वाचल्या तरी इथं कोण, कसं गुडघे टेकत होतं ते कळतं. हे वाचू शकतील असे पाळक घडवणारी एक संस्था आपल्याकडं होती. यवतमाळचं युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये सुरू झालं आणि १९८३ मध्ये पुण्याला गेलं. त्यानंतर खेड्यातल्या देवळांकडं अभ्यासाच्या नजरेनं पाहणारा माणूस मला तरी भेटला नाही.

(हिस्लॉपसाहेबांचं नाव निघालं म्हणून. ते धर्मोपदेशक होते तसे दगडांचेही मोठे जाणकार होते. नागपूरच्या आसपासचे जीवाश्म त्यांनी गोळा केले, एका खनिजाला त्यांचं नाव आहे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडून गेले. अशा माणसाच्या वाटेनं आलेल्या लोकांनी कोणता दगड कुठून आणला याची चौकशी न करताच पहार लावावी, हे मला चमत्कारिक वाटतं.)

आता आमचं देऊळ.

जोतं काळ्या दगडाचं, कमरेएवढं. वरच्या भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या, दीड हात जाड. चुना कसा, तर कळीचा चुना विझवून, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून बैलाच्या घाणीत मळलेला. घाणीचा गोल दगडी चर अजून मागच्या बोरीखाली आहे. मागच्या वर्षी त्यात कोणी तरी कचरा जाळला. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी पडलं होतं असं आजी सांगे. गुळाच्या ढेपेवर पोरांचा डोळा असे आणि मिस्त्री त्यांना हाकलायला छडी घेऊन बसे, हेही ती सांगे.

खिडक्या आठ, चार उत्तरेला, चार दक्षिणेला. सगळ्यांवर टोकदार कमानी. या कमानी पाहून लोक म्हणतात, गॉथिक आहे, विलायती आहे. साहेबानं कागदावर तसं काढून दिलंही असेल. पण कमान कागदावर उभी राहत नाही. ती मिस्त्रीच्या हातानं, लाकडी ढोल्यावर (साच्यावर), एकेक वीट तासून उभी राहते. आणि आपल्याकडच्या मिस्त्रीला टोकदार कमान साहेबानं शिकवायची काही गरज नव्हती. नरनाळ्याच्या किल्ल्याचा महाकाली दरवाजा पंधराव्या शतकातला आहे. अचलपूरच्या, बाळापूरच्या जुन्या दरवाज्यांखालून आणि मशिदींसमोरून आपण रोज जातो. माझा तर्क असा, की साहेबानं मागितली गॉथिक कमान आणि मिस्त्रीनं दिली वऱ्हाडी. कमान जिथून सुटते त्या टेकाची उंची पाहा, कमानीचा फुगार पाहा, विलायती पुस्तकातल्या चित्राशी तो जुळत नाही. माझं म्हणणं चूक असेल तर जाणकारानं येऊन चूक दाखवावं, पण त्यासाठी कमान जागेवर हवी ना?

दुसरी गंमत दाराची. पुस्तकी नियमानं वेदी पूर्वेला असते. आमचं दार पूर्वेला आहे आणि पीठ पश्चिमेला, गावातल्या महादेवाच्या देवळासारखं. रस्ता पूर्वेला होता म्हणून झालं की मिस्त्रीला देऊळ असंच ठाऊक होतं म्हणून झालं, देव जाणे. पण डिसेंबरात सकाळच्या उपासनेला ऊन दारातून शिरतं आणि आतवर येतं. आमच्याकडं बाकं कधीच नव्हती. चपला ओसरीत काढायच्या, सतरंजीवर मांडी घालायची, बाया डाव्या हाताला, पुरुष उजव्या. टाळ-ढोलकीवर नारायण वामन टिळकांची गीतं म्हणायची. भिंतीत जमिनीपासून हातभर उंचीवर दिव्यांच्या देवळ्या आहेत, कारण बसलेल्या माणसाला पुस्तक वाचायचं तर उजेड त्या उंचीला लागतो. ओसरी तिन्ही बाजूंनी आहे, कारण बाप्तिस्मा न घेतलेले, नुसते ऐकायला आलेले लोक तिथं बसत. विलायतेच्या कुठल्याही चर्चमध्ये हे असं सापडणार नाही. हा आपल्या बसण्या-उठण्याचा, आपल्या उन्हाचा नकाशा आहे, विश्वस्तहो.

छपराला सागवानी कैच्या, म्हणजे छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे, सहा. आधी देशी नळीचे कवेलू (कौलं) होते, दर वर्षी मिरगाआधी फेरावे लागत. माझ्या वडिलांच्या लहानपणी मंगलोरी कवेलू आले, शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेच्या, डब्यातून. बासेल मिशननं मंगळूरला कवेलूंचा पहिला कारखाना १८६५ मध्ये काढला, मग तिथं अशा कारखान्यांची रांग लागली. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोचलीच होती, तेव्हा समुद्रकाठची भाजलेली माती वऱ्हाडातल्या छपरावर यायला अडचण उरली नाही. दोन-तीनशे कवेलू बदललेत, बाकी तेच आहेत. पाठीवर शिक्का आहे, झिजल्यामुळं नीट लागत नाही. घंटा मात्र विकत आणलेली नाही. रुळाचा तुकडा टांगला आहे आणि त्यावर लोखंडी टोला हाणायचा. गावातली शाळा बरीच वर्षं आमच्या टोल्यावर भरत असे.

एवढं मन मोकळं केल्यावर आता तक्रारी.

सगळ्यात आधी ‘धोकादायक’ या शब्दाबद्दल. हा शब्द कोणी ठरवला? कुणी इंजिनिअर छपरावर चढला होता का? आमच्या ध्यानात तरी नाही. तुमच्याकडून दोघं जण आले, दाराशी उभे राहिले, मोबाइलवर फोटो काढले, चहा घेतला आणि गेले. त्या फोटोंत तडे दिसत असतील. तडे आहेत. दोन आहेत, आणि दोन्ही ईशान्येच्या कोपऱ्यात. त्यांचं कारण भिंतीत नाही, मातीत आहे. आपली काळी कपाशीची जमीन पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वीतभर रुंद भेगा पडतात हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. जुन्या मिस्त्रीनं म्हणूनच पाया मुरमापर्यंत नेला. मी १९९६ मध्ये कोपऱ्यात खड्डा घेऊन पाहिलं आहे, पाच फुटांखाली मुरूम आहे आणि पाया त्याच्यावर बसला आहे. मग तडा का गेला? कारण सहा वर्षांपूर्वी वाऱ्यानं त्या कोपऱ्याची पन्हाळ पडली आणि ती परत लावली गेली नाही. तेव्हापासून अर्ध्या छपराचं पाणी एकाच कोपऱ्यात जोत्याशी मुरतं. शिवाय तिथंच पिंपळाचं रोप उगवलं आहे, दर वर्षी वरून छाटतात, मूळ कोणी काढत नाही. पन्हाळीसाठी तीन वेळा अर्ज दिले. तेव्हा खर्चाला पैसे नव्हते. नवं बांधायला आता निघाले.

पश्चिमेच्या भिंतीचं. पाऊस आपल्याकडं त्या अंगानं मारतो. चुन्याची भिंत पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडून देते. विझवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत वर्षानुवर्षं घट्ट होत राहतो, पण त्याची श्वास घ्यायची सवय जात नाही. मी त्याच्यावर सिमेंटची कातडी चढवली. बारीक चिरांतून पाणी आत जातच राहिलं, बाहेर यायची वाट मात्र मी बंद केली. मग ओल आतल्या बाजूला सरकली, विटेतला खार फुटून पांढरा आला, विटा भुसभुशीत झाल्या, रंगाचे पोपडे पडले. उपाय आहे, आणि तो नवी इमारत बांधण्याइतका महाग नाही. सिमेंट जपून काढायचं, भिंतीला एक उन्हाळा वाळू द्यायचं, सडलेल्या विटा तेवढ्या बदलायच्या, विटांच्या दर्जा म्हणजे सांधे चुन्यानं भरायचे आणि चुन्याचाच गिलावा करायचा. माझ्या चुकीची शिक्षा इमारतीला देऊ नका.

कैच्यांबद्दल तुमच्या कागदात ‘लाकूड कुजले’ एवढंच आहे. सहापैकी एका कैचीचं भिंतीत शिरलेलं टोक कुजलं आहे, तेही त्याच पश्चिमेच्या ओलीमुळं. बाकी लाकूड मी टोचणीनं तपासलं आहे, टोचणी शिरत नाही. आणि एक आठवण करून देतो, जुन्या सागवानाला आज बाजारात काय भाव आहे हे ठेकेदाराला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तुमच्या ठरावात पाडकामाचा खर्च शून्य दाखवला आहे आणि ‘निघणारा माल ठेकेदाराचा’ असं लिहिलं आहे. मी कुणावर आरोप करत नाही. फक्त त्या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा.

नव्या सभागृहाचं चित्र दाराला लावलं आहे. स्लॅब, काचेच्या मोठ्या खिडक्या, खाली पीव्हीसीचं छत. मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाळिसावर जातो. जाड भिंत, उंच कवेलूचं छप्पर आणि कैचीखाली गरम हवा निघून जायला ठेवलेले झरोके, यामुळं आमच्या देवळात दुपारी लग्नं लागतात आणि नवरदेव बेशुद्ध पडत नाही. स्लॅबखाली एसी लागेल, एसीला वीज लागेल, आणि आपल्याकडं वीज कधी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ठराव झाला त्या पद्धतीबद्दल दोनच वाक्यं. मंडळीची सभा झाली नाही, सूचना लागली नाही, आणि पंचांपैकी तिघांना मी विचारलं तर त्यांना कागद वाचला तेव्हाच कळलं होतं. दुसरं असं, की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं धर्मादाय आयुक्तांच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय विश्वस्तांना इमारत किंवा बिगरशेतीची जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं देता येत नाही, आणि सहा गाळ्यांची मुदत किती ठरली आहे ते कोणी सांगत नाही.

‘वारसा यादीत नाव नाही,’ असंही उत्तर मिळालं. खरं आहे, नाही. १९५८ चा केंद्राचा कायदा शंभर वर्षं जुन्या वास्तूंचा विचार करतो, १९६० चा राज्याचाही कायदा आहे, शहरांच्या विकास नियमावलीत वारसा वास्तूंची तरतूद आहे. पण या सगळ्यात नाव यायचं तर कोणी तरी अर्ज करावा लागतो, मोजमाप घ्यावं लागतं, नकाशा काढावा लागतो. ज्यांच्या ताब्यात मिळकत आहे त्यांनी ते केलं नाही, आणि आता तेच म्हणतात की नाव नाही. आजीचं नावही कुठल्या यादीत नव्हतं.

आणखी एक बारकी गोष्ट, पण मला ती फार लागते. पिठामागच्या कपाटात बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या आहेत. गावातल्या निम्म्या ख्रिस्ती घरांची वंशावळ त्या वह्यांत आहे. दुष्काळात आलेल्या पोरांची तर तीच पहिली नोंद. कपाटाला वाळवी लागली आहे. आणि ओसरीतल्या कोनशिलेवर ऑइलपेंटचे इतके हात बसले आहेत, की तिच्यावरचं साल आज वाचता येत नाही. तुम्ही ज्या इमारतीला जुनी म्हणून पाडता आहात तिचं वय तुम्हाला ठाऊक नाही.

तुमची बाजूही मला कळते. मंडळी वाढली आहे. नाताळला ओसरी भरून लोक अंगणात बसतात. संडास नाही, लग्नाला स्वयंपाकाची जागा नाही, पाळकसाहेबांचा पगार तीन-तीन महिने थकतो. गाळ्यांचं भाडं आलं तर तो थकणार नाही. हे सगळं खरं आहे, आणि ज्यानं या गरजा मांडल्या तो माझा शत्रू नाही. पण आवाराच्या उत्तरेला जुन्या बोर्डिंगचा पडका भाग आहे. छप्पर १९९० च्या दशकातच गेलं, भिंतींवर तरोटा माजला आहे, साप निघतात. ती जागा मी पावलांनी मोजली आहे, देवळाच्या जागेपेक्षा मोठी आहे आणि तिलाही रस्ता लागतो. सभागृह तिथं बांधा. गाळेही तिथं काढा, परवानगी घेऊन. मी स्वतः फरशी बसवायला येईन. सोयीचं असं आहे की तिथं पाडायला काहीच उरलेलं नाही.

माझ्या मागण्या अशा:

१. ईस्टरनंतरचं पाडकाम थांबवावं आणि तसं लेखी मंडळीला कळवावं.

२. चुन्याच्या जुन्या इमारतींचं काम केलेल्या इंजिनिअरकडून किंवा वास्तुविशारदाकडून तपासणी करून घ्यावी आणि अहवाल मराठीत दाराला लावावा. अहवालात इमारत खरंच धोक्याची निघाली तर मी हे पत्र मागं घेईन.

३. तोवर, म्हणजे मिरगाच्या आत, ईशान्य कोपऱ्याची पन्हाळ बसवावी आणि पिंपळाचं मूळ काढावं. याला अहवालाची गरज नाही.

४. मंडळीची सर्वसाधारण सभा गावात, देवळात घ्यावी. विश्वस्तांनी समोर बसावं. बायकांना बोलू द्यावं.

५. गाळ्यांच्या कराराचा मसुदा, मुदत आणि धर्मादाय आयुक्तांकडचा पत्रव्यवहार सभासदांना पाहायला मिळावा.

६. नोंदवह्या ताबडतोब लोखंडी कपाटात हलवाव्यात आणि पानन् पान फोटो काढून ठेवावं. आमच्यातली दोन कॉलेजची पोरं हे काम फुकट करायला तयार आहेत. ठरावाला टाळ्या वाजवणाऱ्यांतलीच आहेत ती.

७. इमारतीचं मोजमाप आणि नकाशा करून नगररचना आणि पुरातत्त्व या दोन्ही खात्यांकडं रीतसर अर्ज करावा.

खर्चाचं म्हणाल तर पश्चिमेच्या भिंतीचं सिमेंट मी काढतो. माझे जुने विद्यार्थी आहेत, त्यातले चौघं आता स्वतः ठेकेदार आहेत, त्यांच्याशी बोललो आहे. मजुरी घेणार नाहीत. चुना विझवायला टाकी लागेल, ती माझ्या अंगणात होईल. तो किमान महिनाभर मुरायला हवा, म्हणून उशीर नको. तुमच्यापैकी कोणी एकानं, शक्य तर ज्यानं सही केली त्यानं, एक दिवस काढून यावं. सकाळी आठच्या आत या, नंतर कवेलू तापतात. शिडी माझ्या घरी आहे, ओळंबाही आहे. भिंतीला ओळंबा लावून दाखवतो, मग तुम्ही ठरवा.

आपल्या मंडळीतला,
एक निवृत्त गवंडीकाम निदेशक

ता. क. कागद वाचला त्याच आठवड्यात रुळाच्या घंटेचा लोखंडी टोला गायब झाला. भंगारवाल्याकडं नाही, मी पाहून आलो. ज्यानं आठवण म्हणून नेला असेल त्यानं तो गुपचूप ओसरीत आणून ठेवावा. सध्या आम्ही पान्ह्यानं वाजवतो आहोत.